मंडळीचं यूट्यूब नेमकं कुणासाठी? कॅमेरा घेण्याआधी ठरवायच्या गोष्टी

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरातल्या एका मध्यम आकाराच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तुम्ही तरुण संघाचं काम बघता. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीनं ‘सोशल मीडिया’ तुमच्या गळ्यात घातलंय आणि त्यासाठी ४० हजार रुपये मंजूर केलेत. यूट्यूबला ४१ सबस्क्रायबर आहेत, फेसबुकचं पेज बदली होऊन गेलेल्या पाळकसाहेबांच्या खात्यावर अडकलंय आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी वचनांचा पूर येतो. कॅमेरा कोणता घ्यावा, उपासना लाइव्ह करावी का, नवीन लोकांपर्यंत कसं पोहोचावं, हे तुम्ही विचारलंय. आणि दोन वडीलधाऱ्यांचा या सगळ्याला विरोध आहे, त्यांचं म्हणणं ‘लोक घरीच बसतील’.

मी ध्वनी आणि चित्रीकरणाचं काम पोटासाठी करतो आणि रविवारी आमच्या मंडळीचा मिक्सर सांभाळतो. २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्यावर प्रार्थनास्थळं बंद झाली ती थेट १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली. त्या काळात शहरातल्या बऱ्याच मंडळ्यांनी घाईघाईत चॅनेल काढले आणि वायरी जोडायला मला बोलावलं. त्यातले अनेक आज नुसते पडून आहेत. यंत्रं आजही चांगली चालतात. पण दारं पुन्हा उघडल्यावर हे कुणासाठी चालवायचं, ते कुणी ठरवलंच नाही.

म्हणून कॅमेरा थोडा बाजूला ठेवू. तुमचा खरा प्रश्न माझ्या मते असा आहे: फोनवरून कुणाशी बोलायचं आणि त्यानं उलट फोन केला तर उचलणार कोण? याचं उत्तर कमिटीकडे नसेल तर ४० हजारांचा कॅमेरा घ्या नाहीतर ४ लाखांचा, काही फरक पडत नाही.

ऐकणारे एकाच प्रकारचे नसतात. सोलापुरात तर मुळीच नाहीत. पहिले, जे दर रविवारी बाकावर बसलेलेच असतात. त्यांना तुमचं लाइव्ह नको आहे. त्यांना सूचना वेळेवर हव्यात आणि कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, कुणाच्या घरी आहे ते कळायला हवं. दुसरे, आजारी आणि म्हातारी माणसं, ज्यांना जिना उतरवत नाही. तिसरे, शहराच्या कडेला गेलेले. कुंभारीच्या विडी घरकुलात, रे नगरात राहायला गेलेलं कुटुंब बस बदलून सकाळच्या उपासनेला दर आठवड्याला पोहोचेलच असं नाही. चौथे, पुण्याला गेलेले. आपल्या प्रत्येक मंडळीतली निम्मी तरुण पोरं हडपसर, वाघोली, हिंजवडीला आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. हुतात्मा एक्स्प्रेसच्या रविवारच्या गर्दीत आपलीच तोंडं दिसतात. आणि पाचवे, ज्यांच्याबद्दल कमिटीला सर्वांत जास्त उत्साह असतो ते ‘नवीन लोक’.

माझा अनुभव असा की दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गटासाठी केलेलं काम टिकतं आणि पाचव्या गटापर्यंत जायचा रस्ताही बहुतेक वेळा त्यांच्यातूनच जातो. पुण्यातला मुलगा आपल्या खोलीतल्या मित्राला एक तीन मिनिटांचा तुकडा दाखवतो, त्यातून एखादा प्रश्न निघतो. अनोळखी माणसाच्या फोनवर आपण थेट जाऊन धडकलो तर तो अंगठ्यानं वर ढकलून देतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. तुमची मंडळी सिनॉड (अनेक मंडळ्यांची वरची सभा) किंवा धर्मप्रांत (बिशपांचा विभाग) यांच्याखाली असेल तर पेज, चॅनेल, दानाचा क्यूआर या सगळ्याला वरून लेखी परवानगी लागू शकते; स्वतंत्र मंडळीत कमिटीचा ठराव पुरतो. उपासना एकाच भाषेत होते का, हाही मुद्दा आहे. सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी असं चौरंगी शहर आहे. तुमच्याकडे तेलुगू बोलणारी घरं असतील तर सगळंच गणित बदलतं. आणि तुमच्या पाळकांना कॅमेऱ्यासमोर बोलायला आवडतं की नाही, हे आधी त्यांना एकटं गाठून विचारा. कमिटीत सगळ्यांसमोर विचारलंत तर ते हो म्हणतील आणि तिसऱ्या रविवारी आवाज बसल्याचं सांगतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सोलापुरात खरं काम तिथेच होतं.

एक मोठा ग्रुप आणि सगळेच बोलणारे, ही रचना मोडा. ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात, पण बसतात म्हणून बसवायची नसतात. सकाळी सहापासून गुलाबाच्या फुलांवर छापलेली वचनं येऊ लागली की लोक ग्रुप म्यूट करतात. मग दुपारी कुणाच्या अंत्यविधीची वेळ आली तरी ती वाचली जात नाही. दुसरी अडचण गंभीर आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. महिला मंडळातल्या, कॉलेजच्या मुलींचे नंबर अशा रीतीनं उघडे पडतात आणि मग नको ते मेसेज सुरू होतात. अशा तक्रारी कमिटीपर्यंत येत नाहीत, मुली निमूटपणे ग्रुप सोडतात.

सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल काढा. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ पासून आहे. फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि कुणी मध्येच लग्नाचे फोटो टाकू शकत नाही. ज्यांना वैयक्तिक मेसेज गेलेला बरा वाटतो, म्हणजे आजारी आणि वयस्क मंडळी, त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात. पण एक अट आहे: समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे मंडळीच्या नावानं एक वेगळं सिम घ्या आणि एका रविवारी सूचनांच्या वेळी सगळ्यांना जागच्या जागी फोन काढून तो नंबर सेव्ह करायला लावा. शेजारच्यानं शेजारच्या आजींचा करून द्यायचा. उपासनेची पाच मिनिटं जातात, पाळकांना आधी कल्पना द्या.

प्रार्थनेच्या विनंत्या ग्रुपवर अजिबात नकोत. ‘अमक्या ताईंच्या मुलीचं मोडलं, प्रार्थना करा’ किंवा ‘तमक्या भाऊंचा रिपोर्ट वाईट आलाय’ हे कळवळ्यानं लिहिलेलं असतं, पण स्क्रीनशॉट निघाला की ते गल्लीभर होतं. विनंत्या मंडळीच्या नंबरवर एकट्यानं पाठवायच्या, त्या पाळक आणि ठरवलेल्या दोन माणसांनी वाचायच्या, आणि ज्यानं पाठवली त्याला त्याच दिवशी उत्तर द्यायचं. ‘आज संध्याकाळी तुमचं नाव घेऊन प्रार्थना केली’ एवढं उत्तर खूप होतं. माझ्या मते सोशल मीडियातली खरी सुवार्तासेवा ही आहे. उत्तर देणारी दोन माणसं आधी नेमा, पोस्टर बनवणारा मागाहून शोधा.

आवाजाबद्दलही एक सोलापुरी गोष्ट. आपल्याकडे घरी विड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांचे हात गुंतलेले असतात, डोळे पानावर असतात, पण कान मोकळे असतात. त्यांना व्हिडिओ निरुपयोगी आहे. सात-आठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज, ज्यात एक वचन, थोडं बोलणं आणि एक लहानशी प्रार्थना असेल, तो त्या सूप मांडीवर घेऊन निवांत ऐकतात. वजनही एक-दीड एमबीच असतं. उलट दीड तासाची उपासना ७२० पी वर बघायला बसलं तर दिवसाचा दीड जीबीचा पॅक जवळपास संपतो. मग संध्याकाळी पोराच्या अभ्यासाला नेट उरत नाही आणि घरात भांडण. तेलुगू घरं असतील तर हाच मेसेज मंडळीतल्याच एखाद्या बाईंच्या तोंडून तेलुगूत करा. पाळकांच्या मराठी मेसेजचं तेलुगू भाषांतर वाचून दाखवू नका. त्यांना तेच वचन घेऊन स्वतःचं बोलू द्या. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला मात्र पाळीच्या वेळेत काही पाठवू नका, त्या खटखटाटात त्याला फोन वाजलेलाही कळत नाही.

आता लाइव्ह. करा, पण माफक अपेक्षेनं. तुमच्या चॅनेलला ४१ सबस्क्रायबर आहेत; मोबाइल अ‍ॅपवरून लाइव्ह करायला यूट्यूब किमान ५० मागतं, म्हणजे नऊ जण आणखी हवेत. लॅपटॉपवरून केलंत तर ही अट नाही. पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायची परवानगी मागितली की ती मिळायला २४ तासांपर्यंत वेळ जातो, त्यामुळे नाताळच्या आदल्या रात्री हे उद्योग काढू नका.

कॅमेऱ्याचं उत्तर: घेऊ नका. तुमच्यापैकी कुणाचा तरी बरा फोन आहेच. पैसे आवाजावर घाला. अंधूक चित्र लोक सहन करतात, घुमणारा आवाज दोन मिनिटंही सहन करत नाहीत. फोनच्या स्वतःच्या माइकवर चर्चमधला पंखा, बाहेरची रिक्षा आणि मागच्या बाकावरचं बाळ हे सगळं पाळकांपेक्षा जवळचं ऐकू येतं. तुमच्या मिक्सरच्या मागे आवाज बाहेर घ्यायची ‘रेकॉर्ड आउट’ किंवा ‘ऑक्स आउट’ लिहिलेली जागा असेल, तिथून छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसनं आवाज थेट फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये घ्या. फक्त गाणाऱ्या मंडळीचा आवाज त्यात येत नाही, त्यामुळे घरी बघणाऱ्याला पाळक रिकाम्या खोलीत एकटेच गाताहेत असं वाटतं. त्यासाठी एक माइक मंडळीच्या दिशेनं लावून तो हलका मिसळा.

फोनच्या जागेचंही बघा. आपल्या जुन्या चर्चमध्ये वेदीमागे खिडकी असते. सकाळी तिथून ऊन आलं की पाळकांचा चेहरा काळा आणि मागची भिंत पांढरीफटक दिसते. खिडकीला जाड पडदा लावा, शक्य नसेल तर फोन बाजूला सरकवा. आणि एप्रिल-मे. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या छताखाली चार्जिंगला लावलेला फोन लाइव्ह करताना तापतो आणि स्वतःहून बंद पडतो, तोही नेमका गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवरची उपासना चालू असते त्या वेळी. फोनचं कव्हर काढा, पंख्याच्या झोतात ठेवा, स्क्रीनचा उजेड कमी करा. राउटरला छोटा यूपीएस जोडा, कारण वीज गेल्यावर फोन चालू राहतो पण वायफाय मरतं. ७२० पी पुरेसं आहे. त्याला अपलोडचा वेग साधारण ४ एमबीपीएस लागतो. हा वेग रविवारी उपासनेच्या वेळीच मोजा, मंगळवारी दुपारी मोजून काही उपयोग नाही.

पण खरं सांगतो, लाइव्हपेक्षा नंतरचा तुकडा जास्त चालतो. संदेशातली तीन-चार मिनिटं, जिथे पाळक काही नेमकं बोलले, ती कापा, खाली मराठी अक्षरं टाका आणि सोमवारी संध्याकाळी पाठवा. पूर्ण उपासनेच्या वर्णनात वेळा लिहा, ० मिनिटांपासून सुरुवात करून: वचनपठण अमुक मिनिटाला, संदेश तमुक मिनिटाला. पुण्यात रात्रपाळी करून आलेल्या मुलाला सूचना आणि वाढदिवसांची यादी ऐकायची नसते, त्याला थेट संदेशावर जाता आलं पाहिजे. त्याला मंगळवार-बुधवारी मंडळीतल्या कुणीतरी फोन करावा, हे मात्र कुठल्याही अ‍ॅपवर होत नाही. पंधरा-वीस मुलांची यादी करा, चार जणांत वाटून घ्या. पुण्यात राहत्या जागेजवळ कुठली मराठी उपासना आहे ते शोधून द्या. तो तिकडे जाऊ लागला तर आपला एक बघणारा कमी झाला म्हणून हळहळू नका.

अंत्यविधीचं चित्रण हा वेगळा विषय. मुंबईतला भाऊ, आखातात गेलेला मुलगा पोहोचू शकत नाही, तेव्हा घरचेच विनंती करतात. नेहमीच्या चॅनेलवर सार्वजनिक करू नका. ‘अनलिस्टेड’ ठेवून लिंक फक्त घरच्यांना द्या. कॅमेरा लांबून, एका जागी, रडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर झूम अजिबात नाही. आठवडाभरानं घरच्यांना विचारून तो काढून टाका किंवा फाइल त्यांच्या हवाली करा.

गाण्यांबद्दल दोन शब्द, कारण पहिला झटका तिथेच बसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रामाणिक धार्मिक समारंभात गाणं सादर करण्याला सूट आहे. पण यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा कलमं वाचत बसत नाही. एखाद्या कंपनीच्या रेकॉर्डिंगशी सूर जुळला की दावा येतो, कधी आवाजच बंद होतो. म्हणून ट्रॅक वाजवून त्यावर गाऊ नका. आपली पेटी, आपला तबला, आपलेच आवाज. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले. लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे त्यांचे शब्द कधीच मोकळे झालेत. त्यांच्या गीतांचं एखाद्या गायकानं केलेलं अलीकडचं रेकॉर्डिंग मात्र मोकळं नाही. नवीन गाणी ज्यांची आहेत त्यांना विचारा. आपल्या मराठी ख्रिस्ती वर्तुळात गीतकार एका फोनवर सापडतो आणि सहसा आनंदानं हो म्हणतो.

आता त्या ‘नवीन लोकां’कडे येऊ. यातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे गूगल मॅप्सवरची तुमच्या चर्चची नोंद. सोलापुरात बाहेरून माणसं येत असतात: रेल्वेत बदली होऊन, फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पात, सिव्हिल हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेजात, नर्सिंगला. त्यातले ख्रिस्ती पहिल्या शनिवारी रात्री फोनवर चर्च शोधतात. तिथे तुमची खूण चुकीच्या गल्लीत असते, उपासनेची वेळ नसते, फोन नंबर बंद असतो. ती नोंद मंडळीच्या नावावर घ्या, वेळ लिहा, उपासना कोणत्या भाषेत होते ते लिहा, फाटकाचा फोटो टाका म्हणजे रिक्षावाल्याला दाखवता येतो. नाताळ, गुड फ्रायडे आणि ईस्टरला वेळा बदलतात, त्या आठवडाभर आधी बदला. दुपारभराचं काम आहे आणि एक पैसा लागत नाही.

ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांसाठी काय टाकायचं, यावर माझं मत काहींना मवाळ वाटेल. जे त्यांच्या तोंडावर म्हणू शकता तेवढंच टाका. नाताळच्या गीतसभेचं मोकळं आमंत्रण, परीक्षेच्या दिवसांत मुलांसाठी केलेली प्रार्थना, दवाखान्यात रात्री थांबलेल्यांना दिलेला चहा. दुसऱ्याच्या देवाधर्माची तुलना, टवाळी, ‘अमुक सोडून इकडे आले’ असले मथळे नकोत. ते ख्रिस्ताच्या शिकवणीला धरून नाहीत, हे पहिलं. आणि भारतीय न्याय संहितेची १९६ (गटांमध्ये वैर पसरवणं) आणि २९९ (धार्मिक भावना दुखावणं) ही कलमं समोर आहेत, हे दुसरं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत उभं राहून लाइव्ह करायची हौस एखाद्या पोराला येईल. त्याला तिथल्या तिथे थांबवा. दुसऱ्याच्या यात्रेत पाहुण्यासारखं जावं, भजी खावी आणि परत यावं.

साक्षींच्या, म्हणजे ‘देवानं माझ्या आयुष्यात काय केलं’ हे सांगणाऱ्या व्हिडिओला मी सर्वांत जास्त जपतो. कुणी नव्यानं येऊ लागलेला माणूस उत्साहात म्हणतो, माझी साक्ष टाका. घरचे, भावकी, कामाच्या ठिकाणचे लोक तो बघणार आहेत याचा विचार त्यानं केलेला नसतो. त्याला काही महिने थांबू द्या, घरी सांगितलंय का विचारा, आणि तरीही शक्यतो चेहऱ्याशिवाय करा. बरं झाल्याच्या साक्षींचं तर विशेष बघा. ‘प्रार्थनेनं मला धीर मिळाला’ हे ठीक आहे. ‘औषधं सोडली आणि साखर गेली’ हे मंडळीच्या चॅनेलवर कधीही जाता कामा नये. कुणीतरी ऐकून खरंच इन्सुलिन थांबवेल. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे; प्रार्थना, उपासना, कीर्तन, प्रवचन यांना तो हात लावत नाही, पण चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवणं आणि पैसे मिळवणं यांना लावतो. बरं करण्याचे दावे आणि खाली दानाचा क्यूआर, असा व्हिडिओ कुणाच्या हातात पुरावा म्हणून पडावा असं तुम्हाला वाटतं का?

मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत. संडे स्कूलच्या नाटकाचा व्हिडिओ गोड असतो, पण नाव, शाळा आणि चेहरा एकत्र कधीच टाकू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अपेक्षा ठेवतो. सभासद नोंदवहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकण्याची जी पद्धत आहे, तीही बंद करा.

पैशांचं एक कलम कमिटीला वाचून दाखवा. लाइव्हच्या कोपऱ्यात क्यूआर लावला की तो जगभर दिसतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकानं प्रेमानं पाठवलेले पाच हजारसुद्धा परकीय देणगी ठरतात. एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते घेता येत नाहीत, आणि असेल तरी ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. आखातात नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलानं स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत पाठवलेले पैसे यात येत नाहीत. हा फरक खजिनदारांना माहीत नसतो. माझा सल्ला: क्यूआर स्क्रीनवर लावूच नका, चर्चच्या दारावर लावा. खातं मंडळीच्या नावाचं, पाळकांच्या किंवा तुमच्या नावाचं नाही.

त्यावरून फेसबुक पेजचं. पाळकांची बदली होणारच, तुम्हालाही उद्या पुण्यात नोकरी लागेल. जुन्या पाळकसाहेबांना आदरानं फोन करा आणि मंडळीच्या दोन माणसांना पेजचे पूर्ण अधिकार द्यायला सांगा; नवीन पेज काढण्यापेक्षा ते बरं. यूट्यूब आणि ईमेल मंडळीच्या त्याच वेगळ्या सिमवर नोंदवा. पासवर्ड कागदावर, पाकिटात, सचिवांच्या कपाटात. पोरं हसतील, हसू द्या.

४० हजारांचा हिशेब मी असा लावीन: ऑडिओ इंटरफेस, वायरी, मंडळीकडे तोंड केलेला एक माइक, मजबूत ट्रायपॉड, राउटरचा यूपीएस, खिडकीचा पडदा, वर्षभराचं सिम आणि नेट. एवढं करून निम्म्याच्या आसपास पैसे उरायला हवेत. ते लगेच खर्च करू नका. सहा महिन्यांनी काय कमी पडतंय ते कळेल. आमच्याकडे कमी पडली होती ती घराघरात जाऊन आज्या-आजोबांना फोन शिकवणारी मुलं, आणि त्यांच्या रिक्षाभाड्यावरच तो पैसा गेला.

राहिला वडीलधाऱ्यांचा विरोध. ‘आपण नेहमीच नवी साधनं वापरलीत’ हे त्यांना ऐकवायचा मोह होतो. अहमदनगरहून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं, टिळकांनी कीर्तनाचा बाज घेतला, हे खरंच आहे आणि त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण त्यांची भीती साधनाची नाही. रिकाम्या बाकाची आहे, आणि ती रास्त आहे. लॉकडाऊननंतर काही कुटुंबं परत आलीच नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून त्यांच्याशी वाद न घालता नियम ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) सुरू झालं की लाइव्ह बंद; तुमच्या पाळकांचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका. बघणाऱ्यांनी चॅटमध्ये नाव आणि गाव लिहायचं. ती नावं दर रविवारी वहीत उतरवायची आणि ते काम त्या दोन वडीलधाऱ्यांपैकीच एकाकडे द्यायचं, कारण कोण कुणाचं आणि कुठे राहतं हे त्यांना पाठ असतं. पुणे, मुंबई, आजारी, कुंभारी अशी नावं आली तर काळजी नाही. सोलापुरातच, चालत येण्याच्या अंतरावर राहणारं, धडधाकट कुटुंब सलग तीन रविवार फक्त चॅटमध्ये दिसलं, तर चौथ्या आठवड्याची कॉटेज मीटिंग त्यांच्याच घरी ठेवायची.